बोरघाटाचा शिरस्ता

ज्या देशांत हिवाळ्यात डोंगर बर्फाने झाकून जातात, तेथील नगरवासी शनिवार उजाडला की मोटारीच्या टपावर स्कीच्या लांबट पट्ट्या बांधून, चाकांना साखळ्या लावण्याची तयारी ठेवून, लेकराबाळांसह पर्वताची वाट धरतात. महाराष्ट्राच्या मैदानांत बर्फ पडत नाही; परंतु ऋतूचे ऐश्वर्य त्याच्या माहेरघरी जाऊन पाहावे ही जी मानवी ओढ त्या प्रवासाच्या मुळाशी आहे, ती आपल्याकडेही तितकीच उत्कट आहे, आणि मृगाच्या सरी स्थिरावून सह्याद्रीच्या कड्यांवरून पाणी झेपावू लागले की मुंबई व पुणे या दोन महानगरांतून ती एकाच वेळी मावळाच्या दिशेने निघते. आल्प्स पर्वतात ज्याप्रमाणे बर्फ, त्याप्रमाणे लोणावळ्यात पाऊस. दोन्ही ठिकाणी उत्सव निसर्गाचा, गर्दी माणसांची, आणि या दोहोंच्या मध्ये पसरलेला घाटरस्ता, ज्याचा विचार घरून निघताना कोणी फारसा करीत नाही, पण ज्याच्यावाचून सहलीचा दिवस ना सुरू होतो ना संपतो.

वर्षासहलीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. धबधबे, धुके, भाजलेली कणसे, भजी, चिक्की, लोहगड-विसापूरच्या तटांवरून दिसणारे पवनेचे पात्र यांची वर्णने वाचकाला नवी नाहीत. प्रस्तुत लेखाचा विषय त्या सुखस्थानांपर्यंत नेणारी वाट हा आहे. ती कशी घडली, तिच्यावर गाडी हाकणे म्हणजे काय, तिच्यावर कोणाकोणाचा हक्क आहे, आणि केवळ आनंदासाठी तिच्यावर येणाऱ्या माणसाने कोणता शिरस्ता पाळावा, याची ही विचारणा आहे. कारण घाट हा सर्वांचा सामायिक रस्ता आहे; विहारासाठी निघालेला आणि पोटासाठी निघालेला, असे दोघेही तेथे एकाच उतारावर, एकाच पावसात आणि एकाच धोक्यात असतात.

पुण्याहून निघणाऱ्याला हा ऋतू टप्प्याटप्प्याने भेटतो. पुणे शहरात वर्षाकाठी सात-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि अवघ्या पासष्ट किलोमीटरांवरील लोणावळ्यात तो चार हजार मिलिमीटरांच्याही पुढे जातो. त्यामुळे देहूरोड सोडताना काचेवर नुसती भुरभुर असते, तळेगाव-वडगावच्या सुमारास वायपर चालू करावा लागतो, कामशेतला तो जलद करावा लागतो, मळवली आली की डावीकडचा लोहगड आणि विसापूर ढगांत गडप झालेले असतात, आणि लोणावळ्याच्या शिवेवर पोहोचेपर्यंत पुढच्या गाडीच्या तांबड्या दिव्यांखेरीज काही दिसेनासे होते. मुंबईकडून येणाऱ्याला मात्र हा क्रम लाभत नाही. खोपोलीपर्यंत तो कोकणच्या दमट सपाटीत असतो, आणि मग थोड्याच अंतरात सुमारे पाचशे मीटर उंची चढून तो एकदम दुसऱ्याच हवेत प्रवेश करतो. कानांना दडे बसल्यासारखे होते, काचेवर आतून वाफ धरते, आणि मैदानात ज्या आत्मविश्वासाने त्याने गाडी हाकली तो आता अपुरा पडतो. सहलीतील पहिली परीक्षा येथे होते, आणि ती इतक्या नकळत होते की पुष्कळांना आपण परीक्षेला बसलो आहोत हेही उमगत नाही.

*

ही वाट फार जुनी आहे. कोकणातील बंदरे आणि दख्खनचे पठार यांना जोडणाऱ्या व्यापारी मार्गावरच कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी खोदली गेली, आणि कार्ल्याच्या चैत्यगृहातील शिलालेखांत दूर वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या बनवासीच्या, भूतपाल नामक श्रेष्ठीचा आणि कित्येक यवन दात्यांचा उल्लेख आहे. दोन सहस्र वर्षांपूर्वी या घाटाने चढून आलेला व्यापारी पावसाळ्याचे चार महिने कोठे थांबत असेल, त्याचे बैल कोठे विसावत असतील, याचे उत्तर त्या लेण्यांच्या पायथ्याशी उभे राहिले की आपोआप सुचते. आजही चैत्रात एकवीरेच्या यात्रेसाठी कोकणकिनाऱ्याचे कोळी बांधव याच मार्गाने येतात.

घाट चढताना घाई आणि अवजड सरंजाम या दोहोंचे काय होते, याचा धडा इतिहासाने येथेच घालून दिला आहे. राघोबादादांना गादीवर बसविण्याच्या इराद्याने मुंबईहून निघालेली इंग्रजी फौज सन १७७८ च्या अखेरीस बोरघाट चढून मावळात उतरली, तेव्हा चार हजारांहून कमी शिपायांच्या त्या फौजेबरोबर ओझ्याचे एकोणीस हजार बैल होते. त्या लटांबरामुळे फौजेची चाल इतकी मंदावली की मराठ्यांना मुलूख उजाड करण्यास आणि वेढा आवळण्यास भरपूर अवधी मिळाला. कार्ल्याजवळ स्टुअर्ट, म्हणजे आपला इष्टुर फाकडा, पडला. तळेगावाहून फौजेला माघार घ्यावी लागली. आणि १६ जानेवारी १७७९ रोजी वडगावचा तह झाला. शौर्य आणि युद्धनीती यांचा वाटा त्यात मोठा होताच, परंतु ज्या वाटेने जायचे त्या वाटेच्या मानाने आपले ओझे आणि आपली चाल ठेवावी, हे ज्याला कळत नाही त्याचा घाट पराभव करतो, हेही त्या प्रसंगाचे तात्पर्य आहे.

चाकाच्या गाडीला सुखाने जाता येईल असा पक्का रस्ता या घाटात गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या अमदानीत, १८३० साली, खुला झाला. त्याच काळातील दगडी पूल पुढे त्यावरील जाहिरातीमुळे अमृतांजन पूल म्हणून सर्वतोमुखी झाला, आणि टाळेबंदीमुळे रहदारी थांबलेली असताना एप्रिल २०२० मध्ये तो पाडण्यात आला. पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्याखालून जाताना ‘आता घाट लागला’ किंवा ‘आता घाट संपला’ असे मुलांना सांगितले जाई, ती खूण गेली याची हळहळ अनेकांना वाटली; परंतु त्याच्या खांबांमुळे मार्ग अरुंद होऊन तेथे होणारे अपघात आणि खोळंबे ज्यांनी पाहिले होते, त्यांनी ती हळहळ गिळून टाकली.

मग आगगाडी आली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने घाटातील काम १८५६ मध्ये आरंभिले. पुणे ते खंडाळा हा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, खालच्या बाजूला खोपोलीपर्यंतची गाडी त्याआधीच धावू लागली होती, आणि मधला घाट मात्र अपुरा होता. म्हणून पाच वर्षेपर्यंत मुंबई-पुण्याचे उतारू खंडाळ्यास किंवा खोपोलीस उतरत आणि पालखी, तट्टू अथवा बैलगाडी करून घाट ओलांडून पलीकडची गाडी पकडत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे येऊन अल्पावधीतच मरण पावला, तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट आपल्या शिरावर घेऊन काम पुरे करविले. सुमारे चोवीस किलोमीटरांत १,८३१ फुटांची चढण, काही ठिकाणी सदतिसास एक असा उतार, आणि पंचवीस बोगदे असा हा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. त्यासाठी पटकीने, तापाने आणि कड्यांवरून कोसळून जे हजारो मजूर मेले, त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत.

त्या अनामिकांपैकी एकाची स्मृती लोकांनी आपल्या परीने राखली आहे. जुन्या महामार्गावर घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. शिंग्रोबा नावाच्या धनगराने साहेबाला डोंगर ओलांडण्याची वाट दाखविली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, अशी आख्यायिका सांगतात. इतिहासाच्या कसोटीवर ती कशी उतरेल हा प्रश्न वेगळा. पण आजही मालमोटारींचे चालक येथे वेग कमी करून हात जोडतात, नाणे वाहतात आणि मगच उतरणीला लागतात, आणि ज्याने वाट दाखविली त्याची आठवण ठेवून गाडी सावकाश हाकावी, एवढा अर्थ त्या प्रथेतून कोणालाही घेता येतो.

*

त्या देवळापाशी श्रावणातल्या एका सकाळी पुण्याकडून आलेली एक मालमोटार थांबली होती. पाऊस नुकता ओसरला होता, डांबरावरून पाण्याचे लहान ओघळ अजून वाहत होते, आणि गाडीच्या मागच्या चाकांपाशी लायनर जळाल्याचा करपट वास येत होता. क्लीनर पोरगा चाकाच्या पुढे दगड लावून डब्यात पाणी घेऊन आला, तेव्हा वयस्क चालकाने त्याला हाताने अडविले. ‘‘पाणी वतू नको रे पोरा, ड्रम तडकंल. निवू दे आपोआप.’’ मग आपला तळहात उलटा करून, न टेकवता, त्याने एकेका चाकाची धग अजमावली. विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘‘साहेब, गाडी ब्रेकावर उतरवायची नसती, गिअरवर उतरवायची असती. ज्या गिअरात चढली असती, त्याच गिअरात उतरवायची. आज माझ्या मागं गाड्या लागल्या, हॉर्नावर हॉर्न. जरा घाई केली, अन् लगेच वास आला बघा.’’

घाटात गाडी हाकण्याचे सारे शास्त्र त्या दोन वाक्यांत आहे, आणि मोटारीतून हौसेने येणाऱ्या माणसाने ते मुळातून समजून घ्यावे असे आहे. उतरणीवर गाडीच्या वजनाने जो वेग येतो, तो रोखण्याचे काम एकट्या ब्रेकवर टाकले तर घर्षणाची सारी उष्णता ब्रेकच्या पट्ट्यांत आणि ड्रममध्ये साठते, एका मर्यादेनंतर पट्ट्यांची पकड सुटते, आणि पायाखालचा ब्रेक नावापुरता उरतो. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली तर खुद्द इंजिनच चाकांना मागे ओढून धरते आणि ब्रेकला विसावा मिळतो. पेट्रोल-डिझेल वाचविण्याच्या लोभाने जो गाडी न्यूट्रलमध्ये सोडतो, तो इंजिनाचा हा आधार स्वतःच्या हाताने काढून टाकतो. मालमोटारींचे कित्येक भीषण अपघात याच एका सवयीतून उद्भवतात. आणि मागून हॉर्न वाजवून, दिवे उघडझाप करून त्या चालकाला घाई करणारा मोटारवाला आपल्या पुढच्या शेकडो माणसांचा जीव त्या तापलेल्या ड्रमवर टांगतो, हे त्याला ठाऊक नसते. ते ठाऊक करून देणे हे शिक्षणाचे काम आहे.

पावसाने या शास्त्रात आणखी दोन-तीन प्रकरणांची भर घातली आहे. रस्त्यावर पाण्याचा थर साचलेला असताना वेगाने जाणारे चाक त्या थरावर तरंगू लागते आणि सुकाणूला दाद देईनासे होते. अशा वेळी जोराने ब्रेक दाबणे घातक, आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून सुकाणू सरळ धरून ठेवणे हिताचे. टायरवरील नक्षी हे पाणी बाजूला सारण्यासाठी असते. कायद्याने मोटारीच्या टायरवर ती किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते, पण ज्याला आषाढात बोरघाट चढायचा आहे त्याने कायद्याच्या त्या किमान रेषेवर समाधान मानू नये. धुक्यात लांबचा प्रकाशझोत टाकला तर तो जलकणांवर आपटून परत आपल्याच डोळ्यांवर येतो, म्हणून झोत खाली ठेवावा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून धुक्यातून जाण्याची जी प्रथा अलीकडे रूढ झाली आहे, तिच्यामुळे ही गाडी उभी आहे की चालती, ती वळणार आहे की सरळ जाणार, याचा मागच्याला उलगडा होत नाही. ते दिवे थांबलेल्या गाडीसाठी राखून ठेवलेले बरे. काचेवर आतून वाफ धरली तर रुमालाने पुसत बसण्यापेक्षा वातानुकूलनाची हवा काचेवर सोडावी. आणि अरुंद चढावर समोरासमोर दोन वाहने आली तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी, हा आपल्या वाहतूक-नियमांतील जुना नियम आहे. कारण चढावर थांबलेल्या भरल्या गाडीला पुन्हा हलविणे किती अवघड, हे नियम करणाऱ्याला माहीत होते.

द्रुतगती महामार्गाने या अनुभवाचे स्वरूप पालटून टाकले. कळंबोलीपासून किवळ्यापर्यंत ९४.५ किलोमीटरांचा, सहा मार्गिकांचा हा रस्ता २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला आणि त्याला यशवंतराव चव्हाणांचे नाव देण्यात आले. भाताण, मडप, आडोशी, खंडाळा, कामशेत हे बोगदे ओलांडीत दोन शहरांमधील अंतर काही तासांवर आले, सकाळी निघून संध्याकाळी परतणे शक्य झाले, आणि वर्षासहल ही मूठभर बंगलेवाल्यांची मिरास न राहता सामान्य मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. हा लाभ थोडा नाही. परंतु सपाटीवर ताशी शंभर किलोमीटरांची सवय लागलेला पाय घाटात आपोआप हलका होत नाही, आणि खोपोली ते खंडाळा या टप्प्यात जुना आणि नवा हे दोन्ही महामार्ग एकत्र आल्यामुळे सारी रहदारी एकाच गळ्यातून जाऊ लागली. २०१६ साली या द्रुतगती मार्गावर १५१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी मिळून अपघातस्थळांचा जागोजाग अभ्यास केला, उघडे खांब आणि कठड्यांची टोके झाकली, बेकायदा उभ्या राहणाऱ्या वाहनांवर नजर ठेवली, आणि पुढील काही वर्षांत तो आकडा पुष्कळ खाली आला. अपघात हे दैवाधीन असतात या समजुतीला याहून समर्पक उत्तर नाही.

*

घाट चढून आल्यावर सहलकऱ्याला वाटते की अवघड ते सरले; वस्तुतः मावळाच्या दृष्टीने अवघड ते तेथून सुरू होते. लोणावळ्याच्या बाजारातून भुशी धरणाकडे, तेथून आय.एन.एस. शिवाजीवरून लायन्स पॉइंटकडे जाणारा रस्ता हा एकेरी रुंदीचा, वळणांचा, दोन्ही बाजूंनी झाडी किंवा दरी असलेला रस्ता आहे. पावसाळ्यातल्या रविवारी दुपारी त्याच्यावर मोटारींची जी रांग लागते, तिच्यात वाहने पुढे सरकण्यापेक्षा उभीच अधिक वेळ असतात. बाजूला जागा दिसेल तेथे गाडी लावून लोक खाली उतरतात, गाण्यांचा आवाज वाढतो, आणि ज्या वळणावर बसला वळायला दहा हात मोकळे हवेत, तेथे तीन मोटारी तिरप्या उभ्या असतात.

लायन्स पॉइंटच्या अलीकडे शेगडीवर कणसे भाजणाऱ्या एका बाईने अशाच एका कुटुंबप्रमुखाला हाक मारली होती. ‘‘दादा, तुमची गाडी जरा पुढं घ्या. आमची यष्टी याच वळणाला अडती. परवा आमच्या वाडीतली बाळंतीण दवाखान्यातून घरी येत व्हती, अर्धा तास इथंच गाडीत बसून व्हती.’’ तिच्या बोलण्यात राग नव्हता. त्या गर्दीवर तिची चूल अवलंबून होती आणि ते ती जाणून होती. त्या गृहस्थाने क्षमा मागून तत्काळ गाडी काढली, आणि त्याच्या मागोमाग आणखी दोघांनी काढली. माणसे मुळात आडमुठी नसतात. आपण ज्याला मोकळे रान समजतो तो दुसऱ्या कोणाचा घरचा रस्ता आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत हा काळ भातलावणीचा असतो. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात सिद्ध होऊन १९८७ मध्ये प्रसृत झालेल्या इंद्रायणी तांदळाचा वास आज साऱ्या महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरांत पोहोचला आहे, पण त्याची रोपे ज्या चिखलात लावली जातात त्या खाचरांकडे नेणाऱ्या पाणंदी सहलीच्या दिवसांत मोटारींनी अडलेल्या असतात. पवना धरणाच्या काठी तंबूंचे मुक्काम वाढले, लोहगडाच्या पायथ्याशी वाहनतळ वाढले, आणि त्या प्रमाणात गावच्या पोरांना रोजगारही मिळाला. म्हणून पाहुण्यांनी येऊच नये असे म्हणणारा मावळकर विरळा. दुधाचा टेम्पो वेळेवर डेअरीत पोहोचावा, ट्रॅक्टर खाचरापर्यंत जावा आणि रुग्णवाहिकेला वाट मिळावी, एवढीच त्याची मागणी असते. या मागणीत अवाजवी असे काय आहे?

गर्दीच्या या बेहिशेबीपणाने अलीकडे दोनदा अत्यंत दारुण रूप दाखविले. ३० जून २०२४ च्या रविवारी भुशी धरणामागील धबधब्यात पाण्याचा लोंढा अचानक वाढून एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर वर्ष भरण्याच्या आत, १५ जून २०२५ रोजी, तळेगावनजीक कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल सहलकऱ्यांच्या भाराने कोसळून चौघांचा बळी गेला. तोही रविवारच होता. भुशीचे धरण मुळात रेल्वेच्या बाष्प-इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधलेले, आणि कुंडमळ्याचा पूल गावकऱ्यांच्या येण्याजाण्यासाठी उभारलेला. दोहोंपैकी एकही हजारोंच्या मेळाव्यासाठी योजलेला नव्हता. पहिल्या दुर्घटनेनंतर जिल्हाधिकाऱ्यांनी पर्यटनस्थळांवर मनाई हुकूम काढले, आणि पुढे बंदोबस्तही वाढला. हे आवश्यक होते. परंतु हुकूम हा शेवटचा उपाय असतो, आणि हुकुमाची पाळी येण्यापूर्वी जे करावयाचे ते शासन, ग्रामपंचायती आणि प्रवासी या तिघांनी मिळून करावयाचे असते.

*

ते काय, याचा विचार करताना दोन दाखले उपयोगी पडतात. एक परक्या मुलखातील आणि दुसरा याच घाटातील.

फ्रान्समध्ये सुटीच्या काळात रस्ते तुंबून हजारो कुटुंबे अडकून पडू लागली, तेव्हा १९७६ पासून तेथील सरकारने ‘बिझों फ्युते’ या नावाने रहदारीचे भाकीत जाहीर करण्याची व्यवस्था सुरू केली. अमुक शनिवार हिरवा, अमुक नारिंगी, अमुक तांबडा आणि अमुक काळा, असे आगाऊ कळल्यामुळे पुष्कळ लोक काळ्या दिवशी निघण्याचे टाळतात. हिवाळी सुटी साऱ्या देशाला एकाच आठवड्यात न देता शाळांचे तीन विभाग करून ती मागेपुढे दिली जाते, जेणेकरून स्कीच्या गावांवर एकदम भार येऊ नये. २०२१ पासून तर पर्वतीय प्रदेशातील ठरावीक भागांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात हिवाळी टायर किंवा चाकांच्या साखळ्या बाळगणे बंधनकारक झाले. स्वित्झर्लंडच्या घाटांत टपाल खात्याची पिवळी बस वळणाअगोदर आपला त्रिस्वर भोंगा वाजविते, आणि डोंगरी टपालमार्गांवर इतर मोटारवाल्यांनी तिच्या चालकाच्या इशाऱ्याप्रमाणे वागावे असा नियम आहे. कारण गावाचे दळणवळण प्रथम आणि पाहुण्यांचा विहार नंतर, हे तत्त्व त्या समाजाने मान्य केलेले आहे. आपल्या एस.टी.चा मान याहून कमी असण्याचे कारण नाही.

दुसरा दाखला बोरघाटातील आगगाडीचा. चढावर तिला मागून जोर देण्यासाठी कर्जतला जादा इंजिने लावली जातात, हे कर्जतच्या बटाटेवड्याइतकेच सर्वांना परिचित आहे. परंतु उतरताना ती काय करते याकडे थोड्यांचे लक्ष जाते. मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी गाडी थांबते, ब्रेक तपासले जातात आणि मगच पुढे जाण्याची मुभा मिळते. आणि इतके करूनही गाडी आवरली नाहीच तर तिला बाजूच्या चढावर वळवून थोपविण्यासाठी कॅच सायडिंग बांधून ठेवलेले आहे. राणीसारखी मानाची डेक्कन क्वीन १ जून १९३० पासून या घाटातून धावते, तिलाही घाटाचा हा शिस्तीचा कायदा लागू आहे. लोहमार्गावर दीड शतक जे निमूटपणे पाळले गेले, ते पलीकडच्या डांबरी रस्त्यावर पाळणे अशक्य आहे असे कसे म्हणता येईल?

म्हणून काही तजविजी सुचवाव्याशा वाटतात. आषाढ-श्रावणातील शनिवार-रविवारची रहदारी किती असणार याचे भाकीत आठवडाभर आधी वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरून जाहीर व्हावे. खाजगी मोटारी वरसोली किंवा वलवणच्या सुमारास मोठ्या वाहनतळावर थांबवून भुशी आणि लायन्स पॉइंटकडे एस.टी.च्या बसगाड्यांनी नेण्याची व्यवस्था गर्दीच्या दिवसांपुरती तरी व्हावी. घाटमाथ्यावर मालमोटारींना थांबून ब्रेक निववण्यास आणि तपासण्यास प्रशस्त जागा असावी, आणि तेथे थांबणे हे वेळेचे नुकसान न समजता धंद्याचा भाग समजले जावे. पुण्याहून लोणावळ्यापर्यंत लोकल गाडी आहे, मुंबईहूनही गाड्या आहेत. ज्यांच्या घरी वृद्ध किंवा तान्ही मुले नाहीत त्यांनी वर्षासहलीसाठी रेल्वे निवडली, तर घाटावरील भार तेवढ्याने हलका होईल. शाळा-महाविद्यालयांतून वाहन चालविण्याचा परवाना काढण्याच्या वयाच्या मुलांना घाटातील गिअर, ब्रेक आणि टायर यांचे प्राथमिक ज्ञान दिले जावे.

खोपोलीपासून कुसगावपर्यंत १३.३ किलोमीटरांचा नवा जोडमार्ग उभारण्याचे काम २०१९ पासून हाती घेण्यात आले. त्यातील एक बोगदा जवळजवळ नऊ किलोमीटरांचा, लोणावळ्याच्या तलावाखालून जाणारा आहे आणि दरीवरचा पूल दोरांवर तोललेला आहे. हा मार्ग अंतर सहा किलोमीटरांनी घटविणारा आणि ज्यांना केवळ पुणे किंवा मुंबई गाठायची आहे त्यांची घाटाच्या वळणांतून सुटका करणारा आहे. स्थापत्यशास्त्राचा हा पराक्रम अभिनंदनीय आहे. तथापि ज्याला लोणावळ्याचा पाऊसच पाहायचा आहे त्याची वाट घाटातून आणि गावातूनच जाणार; रस्ता कितीही रुंद केला तरी भुशीच्या वळणावर बस आणि मोटार समोरासमोर येणारच, आणि तेथे कोणी थांबावयाचे हे कोणताही बोगदा ठरवू शकणार नाही.

ते ठरविण्याचा शिरस्ता मात्र या घाटाला नवा नाही. शिंग्रोबापाशी मंदावणारा मालमोटारवाला, उतरणीआधी थांबणारी आगगाडी आणि हाकेसरशी गाडी बाजूला घेणारा तो गृहस्थ यांनी तो आपापल्या परीने जिवंत ठेवला आहे. आपण विहारासाठी निघालो आहोत, आपल्याला कोणतीही घाई नाही, आणि म्हणूनच वाट देण्याचे कर्तव्य सर्वांत आधी आपले आहे, एवढे ज्याने घर सोडतानाच मनाशी ठरविले, त्याची सहल लोणावळ्याला पोहोचण्यापूर्वीच सार्थ होते. ज्याला पोटासाठी रोज हा घाट चढावा-उतरावा लागतो, त्याला वर्षातून एकदा हौसेने येणाऱ्यामुळे क्षणाचाही खोळंबा होऊ नये, ही अपेक्षा उदारपणाची नव्हे, साध्या न्यायाची आहे. आणि मराठी माणसाने जर पावसावर इतके प्रेम केले असेल, तर ज्या भूमीत तो पडतो तिच्या रहिवाशांप्रती हा न्याय पाळण्याची जबाबदारी त्या प्रेमातच अंतर्भूत आहे.